पहिल्या फेरीच्या खेळाडूसाठी : प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यात खेळांचा विषय निघाला की बोलणे खो-खोवर येते, आणि ते रास्तच आहे. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाच्या कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्याच्या. २०२० मध्ये त्यांना मिळालेला अर्जुन पुरस्कार जिल्ह्याने घरचाच मानला. मैदानी खेळांचे हे कौतुक मनापासून करून वाचकांचे लक्ष मला एका बैठ्या खेळाकडे वळवायचे आहे. तो खेळ म्हणजे कॅरम. परंड्यापासून उमरग्यापर्यंत आणि कळंबपासून तुळजापूरपर्यंत कॅरमच्या पाटाला कधी बोटच लागले नाही असा माणूस शोधावा लागेल. पण हाच खेळ पंचासमोर, पूर्ण नियमांनी, अनोळखी माणसाविरुद्ध खेळलेले लोक त्या मानाने फार थोडे. नोकरी, दुकान, शेती किंवा कॉलेज सांभाळून गावच्या नि तालुक्याच्या स्पर्धेत नाव देणारे हे हौशी खेळाडू या प्रस्तावनेचा विषय आहेत, आणि त्यांच्यात जाऊन बसावे असे ज्यांना वाटते किंवा वाटू शकेल त्या वाचकांसाठी ती लिहिली आहे.

कॅरमला आपल्याकडे मान कमी मिळतो, याचे कारण त्याची संगत. चौकातल्या क्लबात रात्री उशिरापर्यंत चालणारा, पैसे लावून खेळला जाणारा, पोरांना अभ्यासापासून ओढून नेणारा खेळ ही त्याची प्रतिमा घराघरांत आहे. मुंबईच्या मालवणी वस्तीत घडणारा 'स्ट्रायकर' हा २०१० चा हिंदी चित्रपटही कॅरमच्या याच अंधाऱ्या बाजूवर उभा आहे. वडीलधाऱ्यांची काळजी खोटी नव्हती. पण पैजेचा दोष खेळाच्या माथी मारला गेला, आणि त्यात किती कसब आहे हे पाहायचे राहूनच गेले.

अशाच आरोपातून दूरदेशीचा एक खेळ सुटून आला आहे, त्याची हकीकत इथे सांगण्याजोगी आहे. खिळे ठोकलेल्या पाटावर गोळी सोडून गुण मोजायचे बॅगाटेल अनेक मराठी घरांत उन्हाळ्याच्या सुट्टीत माळ्यावरून खाली येत असे. त्याच बॅगाटेलमध्ये माँटेग्यू रेडग्रेव्ह याने काही सुधारणा करून १८७१ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतले आणि तिथून पिनबॉलच्या यंत्रांची वाट सुरू झाली. १९४२ साली न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी हा जुगार आहे असे ठरवून शहरात पिनबॉलवर बंदी आणली. जप्त केलेली यंत्रे हातोड्याने फोडली गेली. पुढे १९४७ मध्ये यंत्राला गोळी परतवणारे पंखे बसले आणि खेळाडूच्या हाताला खरा वाव मिळाला, तरी बंदी कायम राहिली. १९७६ मध्ये रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकाने नगर परिषदेच्या सदस्यांसमोर यंत्रावर खेळून दाखवले. गोळी आता मधल्या फटीतून जाईल असे त्याने आधी सांगितले, दांडा ओढून सोडला, आणि गोळी तिथूनच गेली. बंदी उठली. आज पिनबॉलच्या हौशी स्पर्धा अनेक देशांत होतात, त्यांची जागतिक क्रमवारीही आहे.

शार्पने सभागृहात जे केले तेच आपल्याकडे स्थानिक कॅरम स्पर्धेच्या प्रत्येक पाटावर घडते. खेळाडू आधी ठरवतो, मग मारतो, आणि ठरवलेले घडले की नाही हे सगळ्यांना दिसते. म्हणूनच कॅरमची योग्यता समजून घ्यायची तर घरच्या पाटापेक्षा स्पर्धेचा पाट पाहावा असे माझे ठाम मत आहे.

घरी आपण बहुधा गुणांचा कॅरम खेळतो. काळीला दहा, पांढरीला वीस, राणीला पन्नास असे काहीतरी ठरवायचे आणि जी सोंगटी सोपी दिसेल ती घालायची. स्पर्धेत ही चैन नाही. नऊ पांढऱ्या एकाच्या, नऊ काळ्या दुसऱ्याच्या आणि मधली लाल राणी दोघांची. आपल्या सगळ्या सोंगट्या आधी संपवणारा तो बोर्ड जिंकतो. समोरच्याच्या जितक्या शिल्लक तितके त्याचे गुण, आणि राणी त्याने घेतलेली असेल तर आणखी तीन. म्हणजे एका बोर्डात जास्तीत जास्त बारा गुण. पंचवीस गुण किंवा आठ बोर्ड, यांपैकी जे आधी पुरे होईल तिथे सेट संपतो. राणी घेण्याआधी आपली निदान एक सोंगटी गेलेली असावी लागते, आणि राणी गेल्यावर त्याच फटक्यात किंवा लगेचच्या फटक्यात आपली सोंगटी घालून तिला कव्हर द्यावे लागते. प्रत्येक फटक्याला पंधरा सेकंद. बोर्ड चालू असताना खुर्ची सरकवायची नाही, उठायचे नाही. स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला तर दंड म्हणून एक सोंगटी परत पाटावर येते.

साहित्याची मापेही ठरलेली आहेत. खेळण्याचा पृष्ठभाग साडेत्र्याहत्तर ते चौऱ्याहत्तर सेंटिमीटरचा चौरस, सोंगटीचे वजन पाच ते साडेपाच ग्रॅम, स्ट्रायकर फार तर पंधरा ग्रॅमचा. या आकड्यांत खेळाचे अर्धे शास्त्र दडलेले आहे. स्ट्रायकर सोंगटीच्या जवळजवळ तिप्पट जड असू शकतो, म्हणून समोरासमोर टक्कर झाली की सोंगटी पुढे जाते आणि तिच्या मागोमाग स्ट्रायकरही जातो. पॉकेटच्या तोंडाशी आलेली सोंगटी सरळ मारून घालताना नवखा खेळाडू दंड ओढवून घेतो तो यामुळेच. मुरलेला खेळाडू तीच सोंगटी जरा कडेने, हलक्या हाताने कापतो. सोंगटी आत जाते आणि स्ट्रायकर बाजूला निघून जातो. हलका स्ट्रायकर घ्यावा की जड, हा प्रश्नही इथूनच येतो. ज्याचा हात हळुवार आहे त्याला जड स्ट्रायकर सोसतो, ज्याच्या फटक्यात जोर आहे त्याने वजन जरा कमी केलेले बरे.

आता एक प्रसंग जवळून पाहू. सहा बोर्ड झाले आहेत. तुमचे वीस गुण, समोरच्याचे बावीस, आणि राणी अजून पाटावर आहे. नियम असा की राणीचे तीन गुण एकवीसपर्यंतच मिळतात; बावीसला पोचलेल्या खेळाडूने राणी घेतली तरी त्याच्या गुणांत भर पडत नाही. म्हणजे तीच राणी तुम्हाला तीन गुणांची आणि त्याला शून्याची. नवख्या प्रेक्षकाला वाटेल की तो आता राणीकडे कशाला बघेल? पण जाणता खेळाडू अशा वेळी पहिल्यांदा राणीवरच जातो, कारण त्याने ती कव्हर केली की तुमचे तीन गुण बुडाले. राणी तुमच्याकडे आली असती तर त्याच्या दोन सोंगट्या शिल्लक असताना बोर्ड संपवूनही तुमचे पंचवीस झाले असते. आता त्याच बोर्डात सेट मिटवायचा तर त्याच्या पाच सोंगट्या पाटावर असताना तुम्हाला आपल्या सगळ्या संपवाव्या लागतील. त्याला मात्र तुमच्या तीनच शिल्लक असल्या तरी पुरे. अशा वेळी तुमच्यापुढे दोन मार्ग असतात. राणीच्या वाटेत आपली सोंगटी आणून ठेवायची, किंवा सगळे बाजूला ठेवून राणीसाठी कठीण फटका खेळायचा. पाटाभोवतीची गर्दी या क्षणी गप्प होते, कारण तिथल्या प्रत्येकाने मनात आपापला फटका निवडलेला असतो. वाचकांनी स्पर्धा पाहायला जावे ते असे सात-आठ फटके पाहण्यासाठी.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात या स्पर्धा भरतात त्या सणावारांच्या आणि जयंत्यांच्या आधाराने. गणेशोत्सवातले मंडळ, फेब्रुवारीतली शिवजयंती, एप्रिलमधली आंबेडकर जयंती, प्रजासत्ताक दिनाच्या आसपासचे कार्यक्रम. व्याख्यान आणि रक्तदान शिबिराच्या शेजारी पत्रकावर 'भव्य कॅरम स्पर्धा' ही ओळ असते. एकेरी, दुहेरी, प्रवेश शुल्क, पहिल्या तीन बक्षिसांची रक्कम आणि ती कोणाच्या सौजन्याने, एवढा मजकूर. शाळेचा वर्ग, समाजमंदिर नाहीतर मंडपच खेळाची जागा होते. बाके सरकवून चार पाट मांडतात, प्रत्येकावर टोपी लावलेला बल्ब खाली ओढून घेतात, म्हणजे पाटावर सावली पडत नाही. नावे जास्त आली की आयोजकांची रात्र थोडी सोंगे फार अशी अवस्था होते, आणि मग सुरुवातीच्या फेऱ्यांतले बोर्ड कमी केले जातात. नियमांची शुद्धता जपणाऱ्याला हे खटकेल. मला मात्र यात आयोजकांचा मोठेपणा दिसतो. आलेल्या एकालाही परत न पाठवता त्यांना स्पर्धा पार पाडायची असते.

याच्या जोडीला शालेय स्पर्धांचा एक स्वतंत्र रस्ता आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धांत कॅरमचा समावेश असतो, वयोगटही ठरलेले असतात. ज्या शाळेत मैदान अपुरे आहे तिथल्या मुलांना एका पाटावर आणि एका जाणत्या शिक्षकावर जिल्ह्यापर्यंत जाता येते. ही सोय पुष्कळ पालकांच्या लक्षातच आलेली नसते.

स्थानिक स्पर्धेतला पाट हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. आपला जिल्हा बालाघाटच्या पठारावरचा, कोरड्या हवेचा. एप्रिल-मे महिन्यांत पाट असा काही पळतो की हलक्या बोटाने सोडलेला स्ट्रायकरही समोरच्या कडेवर आपटून परत येतो. भाद्रपदात तेच लाकूड ओल धरते, पावडरीच्या बारीक गुठळ्या होतात आणि सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबते. घरच्या पाटावर वर्षभर खेळलेल्या माणसाचा अंदाज अशा रात्री चुकतो. त्यामुळे अनुभवी खेळाडू मंडपात आल्याबरोबर रिकाम्या पाटावर दोनचार वेळा स्ट्रायकर नुसता फिरवून बघतात. किती वेगाला किती लांब जातो, कोणत्या कडेचा रिबाउंड मेला आहे, कुठे पाट किंचित उतरता आहे. बोरिक पावडर थोडी आणि सगळीकडे सारखी पसरलेली असावी, हाही त्यांचा आग्रह असतो. ढीगभर पावडर टाकून पाट वेगवान होतो ही समजूत चुकीची आहे. जास्तीची पावडर सोंगटीपुढे साचते आणि तिची दिशा बिघडवते.

खेळाची वरची शिखरेही वाचकांना ठाऊक असावीत, कारण त्या वाटेची पहिली पायरी आपल्या दारातूनच जाते. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ १९८८ मध्ये चेन्नईत स्थापन झाला. चेन्नईच्याच मारिया इरुदयम यांना १९९६ चा अर्जुन पुरस्कार मिळाला आणि कॅरमपटूला असा सन्मान प्रथमच लाभला. महाराष्ट्राने योगेश परदेशी, प्रशांत मोरे, संदीप दिवे यांच्यासारखे विश्वविजेते दिले. महाराष्ट्र कॅरम असोसिएशनच्या राज्य मानांकन स्पर्धा राज्यभरातल्या खेळाडूंना एका पाटावर आणतात, आणि तिथे रत्नागिरीच्या आकांक्षा कदमसारखी खेळाडू मुंबई-पुण्याच्या नामवंतांना हरवून जाते. २०२४ साली अमेरिकेत झालेल्या विश्वचषकात चेन्नईच्या एका रिक्षाचालकाच्या मुलीने, एम. काझिमाने, तीन सुवर्णपदके मिळवली. या खेळाला लागणारे भांडवल किती थोडे आहे हे त्या एका उदाहरणावरून कळावे.

असे असले तरी स्थानिक स्पर्धेकडे केवळ वर चढण्याची शिडी म्हणून पाहू नये. तिथे येणाऱ्या बहुतेकांना राज्य मानांकनापर्यंत जायचे नसते, आणि त्यात काही उणे नाही. दिवसभर गिऱ्हाईक सांभाळलेला दुकानदार, एसटीची फेरी संपवून आलेला वाहक, परीक्षा देऊन आलेला विद्यार्थी आणि निवृत्त शिक्षक एकाच तक्त्यात नावे पाहतात. पाटावर बसल्यावर यांतला कोणी साहेब राहत नाही आणि कोणी पोरगा राहत नाही. सामना संपल्यावर हात मिळवून पुन्हा काका, सर, दादा सुरू होते. गावात वेगवेगळ्या आळ्यांतली, वेगवेगळ्या वयांची माणसे इतक्या जवळ, इतका वेळ, एकाच नियमाखाली बसण्याच्या जागा फार नाहीत. समाजशास्त्राच्या अभ्यासकाला इथे भरपूर काम आहे, आणि ते अजून कोणी मनावर घेतलेले नाही याची मला खंत वाटते.

आता नव्याने येऊ पाहणाऱ्या वाचकांनी सुरुवात कशी करावी, याविषयी. पहिली स्पर्धा खेळण्याआधी एक तरी स्पर्धा पूर्ण पाहा, आणि अंतिम सामन्यापेक्षा पहिल्या फेऱ्या अधिक लक्ष देऊन पाहा. अंतिम सामन्यात सगळे सोपे वाटते, कारण खेळणारे चांगले असतात. पहिल्या फेरीत चुका दिसतात आणि त्या आपल्याशा वाटतात. सोंगटी घातलेल्या फटक्यापेक्षा चुकलेल्या फटक्यानंतर स्ट्रायकर आणि सोंगट्या कुठे थांबल्या ते बघा. आपली सोंगटी गेली नाही तरी समोरच्याला काही मिळू नये असे खेळणे ही स्पर्धेतली मोठी विद्या आहे, आणि घरच्या खेळात ती शिकायला मिळत नाही.

सरावासाठी तासन् तास लागतात असे नाही. रोज थोडा वेळ, पण एकट्याने आणि ठरवून. ब्रेकपासून सुरुवात करा. मध्ये राणी, तिच्याभोवती सहा, त्याबाहेर बारा अशी मांडणी करून प्रत्येक वेळी एकाच जागेवरून, एकाच जोराने फोडा आणि सोंगट्या कशा पसरतात ते पाहा. मग कडेला चिकटलेल्या सोंगट्या, मग स्वतःच्या पुढ्यातल्या, म्हणजे आपल्या रेषेच्या मागच्या सोंगट्या; हौशी खेळाडूंचे बोर्ड बहुतेक वेळा या शेवटच्या जागीच अडतात. अंगठ्याने मारणे नियमात बसते, त्याची लाज बाळगू नका. दुहेरीत खेळणार असाल तर जोडीदार समोर बसतो आणि त्याच्याशी खुणेनेही बोलता येत नाही, हे आधीच लक्षात घेऊन त्याच्या सवयी ओळखून ठेवा. पहिल्या पाळीतच नऊ पांढऱ्या आणि राणी संपवण्याचा व्हाईट स्लॅम, किंवा ब्रेक समोरच्याचा असताना आपल्या पहिल्याच पाळीत सगळे संपवण्याचा ब्लॅक स्लॅम, हे प्रत्येकाचे स्वप्न असते. ते राहू द्या. पहिल्या वर्षी आपल्या हातून बोर्डामागे दंड किती कमी होतात एवढेच मोजलेत तरी प्रगती दिसेल.

पहिल्याच फेरीत हरलात तर घरी जाऊ नका. उरलेल्या फेऱ्यांसाठी पंच कमी पडतातच; गुणपत्रक हातात घ्या आणि पाटाशेजारी बसा. पंधरा सेकंद किती लांब असतात, दंडाची सोंगटी कोण कुठे ठेवतो, वाद कोणत्या जागी होतात, हे त्या खुर्चीतून जितके समजते तितके खेळताना समजत नाही. चांगले पंच तयार झाले तर स्पर्धा चांगल्या होतील, आणि हे काम पहिल्या फेरीतून बाहेर पडलेल्यांनीच करण्यासारखे आहे.

एक गोष्ट मात्र आयोजकांना कळकळीने सांगायची आहे. घरात कॅरम मुली आणि बायका मुलांइतकाच खेळतात, किंबहुना दुपारचा पाट त्यांचाच असतो. स्पर्धा रात्री अकराला चौकातल्या मंडपात ठेवली की त्या आपोआप गळतात. महिला गटाचे सामने दिवसा, शाळेत किंवा समाजमंदिरात ठेवा. बक्षीस पुरुष गटाइतकेच ठेवा. ज्या जिल्ह्याने मुलींच्या खो-खोला एवढे बळ दिले त्याला हे जड नाही. तसेच प्रत्येक स्पर्धेची गुणपत्रके सांभाळून ठेवा. दरवर्षी ती रद्दीत जातात, आणि त्यांच्याबरोबर तालुक्यातल्या खेळाचा इतिहासही जातो. एक वही आणि ती नेटाने लिहिणारा एक माणूस एवढे पुरेसे आहे.

पुढच्या पानांत नियम, फटक्यांचे प्रकार, स्पर्धेची आखणी आणि पंचांचे काम यांची सविस्तर माहिती आहे. वाचकांनी ती क्रमाने वाचावी असा आग्रह नाही; ज्याला खेळायचे आहे त्याने फटक्यांपासून आणि ज्याला स्पर्धा भरवायची आहे त्याने आखणीपासून सुरुवात करावी. फक्त पुस्तक वाचून होईपर्यंत थांबू नका. तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात पुढचे पत्रक लागेल त्या दिवशी जाऊन नाव द्या, आणि बरोबर आणखी एका नवख्याला घेऊन जा.